नवी कोरी रायफल ऐन वेळी का अडकते? दोष बंदुकीचा, गोळीचा की जवानाचा?

भारतीय लष्कर सध्या जुनी इन्सास रायफल बाजूला ठेवून एके-२०३ हातात घेतंय. ६ लाखांहून जास्त रायफलींचा करार डिसेंबर २०२१ मध्ये झाला आणि त्या अमेठीजवळच्या कोरव्यात तयार होतायत. पण नवी रायफल आली की एक जुना प्रश्न सोबत येतोच. ऐन वेळी ती अडकली तर?

आधी रायफल चालते कशी ते बघू.

गोळी सुटली की तिच्याच गॅसच्या जोरावर आतला बोल्ट मागे सरकतो. जाताना तो रिकामी पुंगळी चेंबरमधून ओढून बाहेर फेकतो. मग स्प्रिंग त्याला पुढे ढकलते आणि येताना तो मॅगझीनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये सारतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं.

यात दोन ठिकाणी घोळ होतो. एक, नवं काडतूस आत जात नाही. तेव्हा पहिला संशय मॅगझीनवर जातो, कारण त्याची स्प्रिंग ढिली किंवा वरची कड वाकलेली असू शकते. दोन, पुंगळी बाहेर पडत नाही. तेव्हा चेंबर गंजलेला किंवा घाण असतो, पुंगळीला धरणारी आकडी घसरते, नाहीतर काडतुसातली दारू रायफलीला मानवत नाही.

म्हणून जाणकार शस्त्रागारवाला एका वेळी एकच गोष्ट बदलतो. आधी मॅगझीन, मग काडतुसांचा लॉट, मग साफसफाई आणि तेल. सगळं करूनही अडकत असेल, तरच तो रायफलीच्या सुट्या भागांकडे वळतो.

हा क्रम सोडला की काय होतं, ते व्हिएतनाममध्ये दिसलं.

१९६६-६७ मध्ये अमेरिकन सैनिकांच्या हातात एम-१६ ही नवी रायफल होती. ऐन चकमकीत तिची पुंगळी चेंबरमध्येच अडकायची. ती काढायला नळीतून सळई घालून ठोकावं लागायचं. म्हणून कित्येक जण सफाईची सळई रायफलीलाच बांधून फिरायचे. अशा अडकलेल्या रायफलींसह मेलेले सैनिक सापडल्याच्या बातम्या अमेरिकेत पोचल्या आणि गदारोळ झाला.

लष्कराचं पहिलं उत्तर होतं, पोरं रायफल साफ ठेवत नाहीत. पण या रायफलीला फारशी सफाई लागत नाही, अशी समजूत आधी पसरली होती आणि सफाईचं सामानही पुरेसं दिलेलं नव्हतं.

१९६७ मध्ये काँग्रेस सदस्य रिचर्ड आयकॉर्ड यांच्या उपसमितीनं चौकशी केली. तेव्हा खरी गोम कळली. रायफल ज्या दारूवर बेतली होती, ती १९६४ मध्ये बदलली गेली होती. नव्या दारूमुळे बोल्ट जास्त वेगानं मागे यायचा आणि आत काजळीही जास्त साचायची. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, त्यामुळे दमट हवेत तो गंजायचा.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट पुढेच आहे. कारखान्यातून रायफली पास करताना जुन्या दारूची काडतुसं वापरायला परवानगी होती, तर सैनिकांना मिळत होती नव्या दारूची. म्हणजे परीक्षेचा पेपर एक आणि प्रत्यक्षातला दुसराच. समितीनं अधिकाऱ्यांच्या या ढिलाईला जवळपास गुन्हेगारी निष्काळजीपणाच ठरवलं. मग चेंबरला क्रोम आला, बोल्टचा वेग आवरणारा भाग बदलला, सफाईचं सामान वाटलं गेलं आणि विल आयस्नर यांनी चितारलेली कॉमिकसारखी पुस्तिकाही आली.

आपल्याकडे तरी वेगळं काय झालं? कारगिलच्या थंडीत इन्सासची प्लास्टिकची मॅगझीन तडकल्याच्या आणि रायफल अडकल्याच्या तक्रारी आल्या. २००५ मध्ये नेपाळच्या सैन्यानंही इन्सासकडे बोट दाखवलं, तेव्हा भारताच्या बाजूनं रायफल नीट हाताळली नसल्याचं उत्तर गेलं. दोष जवानावर ढकलणं नेहमीच सोपं असतं, कारण त्यासाठी कारखान्यात काहीच बदलावं लागत नाही.

याचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव आणि पुण्याजवळचं खडकी इथले सरकारी कारखाने लहान शस्त्रांची काडतुसं बनवतात. रायफल भरवशाची ठरणार की नाही, यात काडतूस बनवणाऱ्यांचा वाटाही मोठा असतो.

त्यामुळे एके-२०३ बद्दल बातमी वाचताना किती रायफली आल्या एवढंच बघू नका. जवानाला जी काडतुसं आणि जी मॅगझीन मिळणार आहेत, त्यांवरच तिची चाचणी झाली का? सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या धुळीत झाली का? आणि अडकल्याची तक्रार आली, तर ती लिहून घेणारं आणि त्यावर उत्तर देणारं कुणी आहे का?

एम-१६ पुढे सुधारली आणि तिचे वारसदार आजही वापरात आहेत. पण ती सुधारेपर्यंतची किंमत लढणाऱ्या पोरांनी मोजली.