दगडू, नथू आणि नकोशी



गेल्या महिन्यात वस्तीतल्या एका बारशाला गेले होते. दोन मुलींवर मुलगा झालेला. पाळणा सजला होता, घुगऱ्या शिजत होत्या आणि सगळे घर मोबाइलवर नाव शोधत होते. नाव असे हवे की आसपास कुणाचेच नसावे, आणि अर्थ तेजाचा नाही तर विजयाचा हवा. मी थट्टेने म्हटले, "इतकं दुर्मीळ हवंय तर दगडू ठेवा. आता शोधूनही सापडायचा नाही." सगळे हसले. कोपऱ्यात बसलेली पणजी तेवढी हसली नाही. तिच्या नवऱ्याचे नावच दगडू. ती म्हणाली, "आधीची तीन गेली व्हती, बाई. म्हणून ह्यो दगड."

त्या एका वाक्याने मी गप्प झाले. दगडू, धोंडू, कचरू, केरू, भिकू ही नावे एके काळी महाराष्ट्रात घरोघर होती. देवी, पटकी, हगवण यांत एकामागून एक मुले दगावत. मग पुढच्या बाळाला मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचे, म्हणजे दृष्ट लागणार नाही, मृत्यूलाही त्याचा मोह पडणार नाही. दगडू म्हणजे दगडासारखा टिकावा असा, आणि कुणी उचलून नेऊ नये असाही. नाव तुच्छतेचे, पण त्यामागे जीव मुठीत धरून बसलेली आई. असे नाव वरच्या जातींतही असे. विधवाविवाह केलेले आणि 1916 साली महिला विद्यापीठ काढणारे महर्षी कर्वे धोंडोच होते.

मात्र सगळ्याच दगडूंची कहाणी प्रेमाची नाही. शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे, असे मनुस्मृती सांगते. ज्यांना चांगले नाव ठेवण्याची मुभाच नव्हती, त्यांच्या घरचा 'कचरू' वेगळा. 'बलुतं' लिहिणाऱ्या दया पवारांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. 1978 साली आलेल्या त्या आत्मकथनात ते आपल्यातल्या याच दगडूशी बोलतात. एकाच नावात आईची माया आणि जातीचा डाग, दोन्ही असू शकतात, हे आपण विसरू नये.

आता नथूकडे पाहू. मुलगे जगत नसत त्या घरात नव्या मुलाचे नाक टोचत, नथ घालत, कधी त्याला मुलीसारखे वाढवत. म्हणून तो नथू. यमाला फसवण्याची ही युक्ती कशावर उभी होती? मुलगी कुणालाच नको असते, तेव्हा यमालाही नको असणार, या खात्रीवर! मुलाला वाचवायचे तर दगडाच्या नाहीतर मुलीच्या वेषात लपवायचे. दोघींची किंमत एकच.

मुलींनाही दगडाबाई, धोंडाबाई अशी नावे ठेवत, हे खरे. लेक जगावी म्हणून धडपडणारी आई तेव्हाही होती. पण नकोशीचे तसे नाही. दगडू नाव ठेवताना घर खोटे बोलत होते, नकोशी ठेवताना खरे. नकोशी, नकुसा हे नाव मुलीला वाचवायला ठेवत नव्हते. तिच्या पाठीवर तरी मुलगा यावा म्हणून ठेवत. शाळेच्या हजेरीत रोज तेच ऐकत ती मोठी होई. 22 ऑक्टोबर 2011 रोजी सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. काहींनी सिनेतारकांची नावे निवडली. आपण हसू नये. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी विचारले होते, तुला काय व्हायला आवडेल?

दगडू नाव आज दुर्मीळ झाले. नुसत्या आवडीनिवडी बदलल्या म्हणून नव्हे. लसी आल्या, दवाखाने आले, 1977 साली देश देवीमुक्त जाहीर झाला. बाळे जगू लागली आणि यमाला फसवण्याची गरज उरली नाही. मग नकोशी नाव मागे पडले, याचा अर्थ मुलगी हवीशी झाली का? गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करायला महाराष्ट्राला 1988 साली चळवळीने भाग पाडले. देशाचा कायदा 1994 साली झाला. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे 2001 साली 913 असलेल्या मुली 2011 साली 894 झाल्या. पूर्वीची नकोशी निदान जन्मत होती. नंतरच्या कितीजणींना नाव मिळण्याइतकाही अवकाश मिळाला नाही.

त्या बारशात बाळाच्या आईला मी विचारले, "तुला कोणतं नाव आवडतं?" ती म्हणाली, "मला कोण विचारतंय, ताई? नाव आत्या ठेवते." आणि थोरल्या दोघींची नावे? एकीचे नाव दवाखान्यात कागद भरताना नर्सबाईंनी सुचवले, तेच राहिले. धाकटीचे बारसे राहूनच गेले. मुलाच्या नावासाठी तीन दिवस शोध, मुलींसाठी तीन मिनिटेही नाहीत.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम राज्य सरकारने ठरवला आहे. त्याचे स्वागत. पण आईचे नाव कागदावर आले म्हणून तिचे मत घरात आले असे होत नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करावी लागते, नाव मात्र वर्षभरात विनाशुल्क घालता येते. तेवढा वेळ आईला तिचे मत सांगायला, आणि ते ऐकून घ्यायला, नक्कीच पुरेसा आहे.

आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने स्वतःच्या नावाची गोष्ट सांगावी. ते कुणी ठेवले, का ठेवले, लग्नात तांदळात बोट फिरवून कुणी बदलले आणि तेव्हा आपल्याला कुणी विचारले होते का. या गोष्टी लिहून आमच्याकडे पाठवा. आणि वस्तीत मुलगी जन्मली की तिच्या बारशाला आपण सगळ्याजणी जाऊ या. पाळणा नसला तर घेऊन जाऊ.

त्या मुलाचे नाव ठरले, अर्थही छान आहे. पुढच्या रविवारी त्याच घरात धाकटीचे बारसे आहे. ती पाच वर्षांची आहे, आणि नाव ती स्वतः निवडणार आहे.