तोतयाचे रहस्य

रहस्यप्रधान नाटकात खरा अपराधी कोण, हे शेवटच्या अंकापर्यंत लपवून ठेवायचे असते, अशी आपली समजूत आहे. परंतु न. चिं. केळकर यांनी आपल्या ऐतिहासिक नाटकाला ‘तोतयाचे बंड’ हे नाव देऊन मुख्य गुपित पडदा वर जाण्यापूर्वीच सांगून टाकले. तरीही एक रहस्य शिल्लक राहतेच. तोतया कोण होता, यापेक्षा लोकांनी त्याच्यावर विश्वास का ठेवला, हा प्रश्न मला अधिक गहन वाटतो.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्या गोंधळात त्यांच्या मृत्यूची खात्री अनेकांना पटेना. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. पुढे एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून पुढे आला. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्याचे सोंग उघडकीस आले व त्याला कैदेत टाकण्यात आले. अखेर तो आपल्या रत्नागिरीच्या किल्ल्यात बंदिवान होता. १७७६ साली येथील सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला मुक्त करून भाऊ म्हणून पुढे केले. पाहता पाहता हजारो लोक त्याला मिळाले आणि कोकणातील अनेक किल्ले त्याच्या हाती गेले. शेवटी महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी त्याचा पराभव केला. समुद्रमार्गे पळताना तो कुलाब्यास राघोजी आंग्रे यांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला देहांत शासन झाले.

कोणी म्हणेल, त्या काळचे लोक भोळे होते. मला हे मान्य नाही. ज्या घरातील माणूस रणातून परतला नाही, त्या घराला भाऊ जिवंत आहेत हे ऐकून आपलाही मनुष्य परत येईल, असे वाटल्यावाचून कसे राहील? शिवाय पेशवे सवाई माधवराव त्या वेळी अवघे दोन वर्षांचे होते. राज्याला कर्ता पुरुष हवा होता. १६०५ साली रशियात तर मृत राजपुत्र दिमित्री याचे नाव धारण करणारा तोतया प्रत्यक्ष सिंहासनावर बसला. पुश्किन या कवीने त्यावरही नाटक रचले. तेव्हा हा दोष एका देशाचा किंवा एका काळाचा नव्हे.

मात्र दुःखी प्रजा आणि अधिकारी यांना एकच माप लावता येणार नाही. ज्याच्या हाती बंदिशाळेच्या किल्ल्या असतात, त्याने पुराव्यावाचून त्या फिरवू नयेत. सुभेदाराच्या एका कृतीमुळे कोकणात युद्ध पेटले, आणि त्याची किंमत सामान्य माणसांनी मोजली.

मुलांनो, खोटी वार्ता बहुधा आपल्या मनातील इच्छेचाच वेष घेऊन येते. म्हणून जी वार्ता ऐकताच मन हरखून जाते, तिची पारख अधिक कसून करावी. एखादी गोष्ट खरी असावी असे वाटणे निराळे, आणि ती खरी असणे निराळे.