आपली गावे : इच्छापूर

इंदूरहून खंडवा, बऱ्हाणपूर करीत दक्षिणेस उतरणाऱ्या मार्गाला 'इंदूर-इच्छापूर रस्ता' म्हणतात. वाटेतली मोठी शहरे सोडून या लहान गावाचे नाव त्याला मिळाले, कारण मध्यप्रदेशाची हद्द येथे संपते. पुढे मुक्ताईनगर, म्हणजे महाराष्ट्र. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज नोकरीच्या, व्यापाराच्या किंवा लष्कराच्या निमित्ताने देश सोडून परप्रांती गेले. इच्छापूरकर मात्र कोठेच गेले नाहीत. ते जागेवर राहिले आणि प्रांत बदलला.

तापीकाठचा हा मुलूख जुन्या खानदेशाचा. फारुकी सुलतानांची राजधानी बऱ्हाणपूर होती. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावरही खानदेश सुभ्याचा कारभार तेथूनच चाले. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर ते शहर पेशव्यांकडे आले. इच्छापूरच्या टेकडीवरील इच्छादेवीचे देऊळ मराठी अमदानीची आठवण सांगते. पुत्रप्राप्तीचा नवस फळाला आल्यावर एका मराठा सुभेदाराने विहीर व देऊळ बांधले आणि पुढे भुस्कुट्यांनी डोंगराला पायऱ्या करविल्या, अशी परंपरा आहे. चैत्रात आणि नवरात्रात या पायऱ्यांवर खानदेशची व निमाडची माणसे खांद्याला खांदा लावून चढतात.

इंग्रजी अमलात निमाड जिल्हा मध्यप्रांतात होता आणि राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. निमाड हा हिंदीचा जिल्हा म्हणून नव्या मध्यप्रदेशात राहिला आणि बऱ्हाणपूर तहसीलही त्याच्याबरोबर राहिली. राजधानी भोपाळला गेली. २००३ मध्ये बऱ्हाणपूरचा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी सरकारी कागद हिंदीतच राहिला.

केळीच्या शेताला मात्र ही हद्द ठाऊक नाही. जून-जुलैची लागवड ती मृगबाग, पावसाळा सरतानाची ती कांदेबाग, आणि पहिला घड कापल्यावर खोडाशी राखलेल्या पिलापासून येणारी ती पिलबाग. हे शब्द रावेरला चालतात तसेच इकडेही चालतात. बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला याकडे रावेरच्या शेतकऱ्याचे लक्ष असते, आणि रावेरच्या भावाकडे इकडच्याचे. सोयरिकीही याच वाटेने जुळतात. तिकडची लेक इकडे सून होऊन येते, ती ओव्या, म्हणी आणि सासरमाहेरची सारी नाती मराठीत घेऊन येते.

मग उणे कशाचे? अक्षराचे. घरात आजीशी मराठीत बोलणारे मूल शाळेत हिंदी लिहावयास शिकते आणि मामाला पत्र लिहावयाची वेळ आली की हिंदीचाच आश्रय घेते. भाषा जिभेवर राहते, पण हाताला ओळखीची राहत नाही. जी भाषा केवळ बोलली जाते, तिच्यातील ग्रंथ पुढच्या पिढीला बंद पेटीसारखे होतात.

वास्तविक हे उणे भरून काढणे हिंदी शिकलेल्या मुलाला फारसे कठीण नाही. लिपी एकच, देवनागरी. 'ळ' ची ओळख करून द्यावी, 'च' आणि 'ज' यांचे दुहेरी उच्चार कानावर घालावेत आणि रोज एक पान मोठ्याने वाचून घ्यावे. थोड्याच दिवसांत मूल अडखळत का होईना, आपले आपण वाचू लागेल.

इच्छापूरला निदान शेजार आहे. बाजार, बाग आणि सोयरीक यांच्यामुळे तेथे मराठी न शिकविताही कानावर पडते. भोपाळ, बडोदे, हैदराबाद येथे राहणाऱ्या आपल्या घरांना तो शेजार नाही. तेथे जे आपोआप घडते ते आपणांस ठरवून करावे लागेल. तेव्हा वाचकहो, या महिन्यात एवढेच करा. आजोळी जाणारे पत्र घरातील सर्वांत लहान लिहित्या हाताकडून मराठीत लिहवून घ्या. चुका झाल्या तर होऊ द्या. आजी त्या चुकांसकट पत्र जपून ठेवील.