सिगारसोबत काय?

सिगार म्हटली की मंडळी लगेच स्कॉच मागवतात, तीही आयला बेटावरची, पीटच्या धुरावर सुकवलेल्या बार्लीची. मला ही जोडी पटत नाही. धुरावर धूर! एकाचीही चव धड कळत नाही. त्यापेक्षा क्यूबाची रम घ्या. पिनार देल रिओच्या तंबाखूचा कडवटपणा आणि ओकच्या पिंपात मुरलेल्या, उसाच्या मळीपासून केलेल्या रमचा गोडवा एकमेकांना छान सांभाळून घेतात.

या गप्पांत एक गोष्ट मात्र राहूनच जाते. तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडाच्या, घशाच्या कर्करोगाचा धोका बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. सिगारचा धूर छातीत ओढला नाही, तरी तोंड काही सुटत नाही. म्हणून माझ्यापुरतं ठरवलंय: वर्षातून एकदाच. तुमचं तुम्ही बघा.