हुकमी डाव बंद झाला तर

बास्केटबॉलमध्ये चमकू लागलेल्या पोराला बहुतेक जण एकच सल्ला देतात : तुला जे छान जमतं, तेच आणखी कर. उडी उंच आहे ना, मग आणखी उंच मार. लांबून नेम लागतो ना, मग आणखी लांबून मार. माझं मत उलट आहे. ज्या डावावर टाळ्या पडतात, तो काही दिवस बाजूला ठेवल्याशिवाय त्याचा खेळ वाढणार नाही.

करीम अब्दुल-जब्बार यांच्याकडे पाहा. १९६७ साली ते ल्यू अल्सिंडर या जन्मनावाने लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाकडून खेळत होते. उंची सात फूट दोन इंच. विद्यापीठाच्या मुख्य संघातला पहिलाच हंगाम, ३० पैकी ३० सामने जिंकलेले, आणि सामन्यामागे सरासरी २९ गुण. झेप घेऊन चेंडू वरून थेट रिंगमध्ये आदळायचा, म्हणजे डंक मारायचा, तर त्यांना अडवणार कोण? हंगाम संपला आणि नियम करणाऱ्यांनी कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये डंकवरच बंदी घातली. ती १९७६ पर्यंत टिकली.

त्यांचे प्रशिक्षक जॉन वुडन हे मुळात इंग्रजीचे शिक्षक. नव्या खेळाडूंना ते पहिल्या दिवशी मोजे कसे घालायचे ते शिकवत. मोजाला सुरकुती राहिली की पायाला फोड येतो, फोड आला की सराव बुडतो, एवढा साधा हिशेब. वर्गात काना-मात्रा आणि नुक्ते तपासत बसणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हा शिक्षक लगेच कळतो. बंदी आल्यावर त्यांनी अल्सिंडर यांना सांगितलं की यामुळे तुझा खेळ सुधारेल.

तसंच झालं. लहानपणी त्यांनी एक कंटाळवाणा सराव घोटला होता. रिंगखाली उभं राहायचं, एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या हाताने चेंडू टाकायचा, पुन्हा उजव्या, पुन्हा डाव्या. जॉर्ज मायकन या जुन्या खेळाडूच्या नावाने तो ओळखला जातो. त्यातूनच त्यांचा स्कायहुक घडला. अंगाची एक बाजू रिंगकडे, मोकळा हात आणि खांदा आडवा, आणि दुसरा हात पूर्ण ताणून चेंडू डोक्याच्याही वरून सोडायचा. अडवणाऱ्याचा हात तिथवर पोहोचतच नाही. डंक गेला तसा त्यांनी या फेकीवर भर दिला. यूसीएलएने ओळीने तीन वर्षं विजेतेपद मिळवलं आणि त्या तीन वर्षांत फक्त दोन सामने गमावले. पुढे व्यावसायिक खेळात त्यांनी २० हंगामांत ३८,३८७ गुण केले. हा विक्रम १९८४ पासून २०२३ पर्यंत त्यांच्याच नावावर होता. वय झालं की उडी कमी होते, पण घोटलेला हात साथ सोडत नाही. १९८५ च्या अंतिम मालिकेत ते सर्वोत्तम खेळाडू ठरले, तेव्हा वय होतं ३८.

पण इथे एक गल्लत होऊ देऊ नये. ती बंदी चांगलीच होती, असं मी म्हणत नाही. एका काळ्या मुलाचं वर्चस्व खुपलं म्हणून नियम बदलला, अशी शंका तेव्हाही घेतली गेली आणि खुद्द करीम यांनाही त्यात भेदभाव दिसला. ते गप्प बसले नाहीत. काळ्या लोकांवरच्या अन्यायाच्या निषेधार्थ १९६८ च्या ऑलिम्पिकसाठी खेळायला त्यांनी नकार दिला. त्याच वर्षी इस्लाम स्वीकारला, १९७१ मध्ये नवं नाव जाहीरपणे घेतलं. आणि या सगळ्या काळात सरावही सोडला नाही. आपल्याकडे सब्र म्हणजे निमूट सोसणं, असा सोयीचा अर्थ लावला जातो. मला त्यांच्यात सब्रचा खरा अर्थ दिसतो : हक्काचं बोलायचं आणि रोजचा रियाझही चुकवायचा नाही. नुसती तक्रार केली तर खेळ गंजतो. नुसता सराव केला तर अन्याय करणाऱ्याचं फावतं.

बंदी येण्याची वाटही पाहायला नको. लेब्रॉन जेम्स २०११ ची अंतिम मालिका हरले, तेव्हा दोनदा हंगामाचे सर्वोत्तम खेळाडू ठरलेले होते. तरीही त्या उन्हाळ्यात ते ह्यूस्टनला हकीम ओलाजुवन यांच्याकडे शिकायला गेले. रिंगकडे पाठ करून खेळताना पाय कसे टाकायचे, हे शिकले. पुढच्याच वर्षी विजेतेपद मिळालं. हकीम म्हणजे रमजानचे रोजे ठेवून सामने खेळलेला माणूस. लागोसमध्ये फुटबॉल आणि हँडबॉल खेळून वाढल्यामुळे त्यांचे पाय आधीच तयार होते.

आपल्याकडे मुंबईच्या नागपाड्यात हा मोहल्ल्याचा खेळ आहे. तिथूनच आलेले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. तिथल्या, किंवा कुठल्याही गावातल्या तयारीच्या मुलाला मी एवढंच सांगेन : आठवड्यातून एक सामना आवडता हात न वापरता खेळ. फ्री थ्रो सरावाच्या शेवटी, धाप लागलेली असताना मार आणि किती गेले ते वहीत लिही. मोबाइलवर दुसऱ्यांचे डंक पाहतोस, तसा स्वतःचा हरलेला सामनाही पाहा.

आणि अम्मी-अब्बूंना एक विनंती. मुलगा घरी आला की किती गुण केलेस, हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, आज डाव्या हाताने किती टाकलेस?