साहेब बदलले की तक्ता का कोसळतो?

गडचिरोली जिल्ह्यात पाच प्रादेशिक वनविभाग आहेत: गडचिरोली, वडसा, आलापल्ली, भामरागड आणि सिरोंचा. चंद्रपुरात तीन: चंद्रपूर, मध्य चांदा आणि ब्रह्मपुरी. या कार्यालयांशी कायम काम पडणाऱ्या संस्था, बांबूचे खरेदीदार, सौर कुंपणाचे पुरवठादार आपले संपर्क हल्ली सीआरएम (संपर्क-व्यवस्थापन) सॉफ्टवेअरमध्ये ठेवतात. त्यात कोण कोणाच्या हाताखाली हे दाखवणारा संघटन-तक्ता असतो आणि तो हमखास बिघडतो. उपवनसंरक्षक गायब होतात, वनरक्षक अधांतरी लटकतात, एकच वनपरिक्षेत्र अधिकारी (आरएफओ) दोन ठिकाणी उगवतो.

यावर पहिला पक्ष म्हणतो, सॉफ्टवेअरच भिकार आहे, दुसरे घ्या. हे पटण्याजोगे नाही. सॉफ्टवेअर मनाने काही काढत नाही. प्रत्येक नोंदीत ‘वरिष्ठ कोण’ असा एक रकाना असतो, त्यावरून ते रेघा ओढते. रकाना रिकामा राहिला की माणूस सुटा पडतो. एक्सेलमधून यादी चढवताना कुठे ‘डीएफओ आलापल्ली’ आणि कुठे ‘उपवनसंरक्षक, आलापल्ली’ लिहिले, तर एकाच साहेबांच्या दोन नोंदी होतात आणि हाताखालची माणसे दोघांत वाटली जातात. चुकून दोघे एकमेकांचे वरिष्ठ ठरले तर रेघ गोल फिरते. बघणाऱ्याला वरची नोंद उघडण्याची परवानगी नसेल, तर तक्ता तिथेच तुटलेला दिसतो. हे सगळे जागेवर तपासता येते. न तपासता महागडी प्रणाली घेतली, तर जुनाच घोळ नव्या पडद्यावर दिसेल.

दुसरा पक्ष म्हणतो, भिंतीवर छापील तक्ता लावा, भानगडच नको. माहितीचा तुटवडा नाही, हे खरे. माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 4 नुसार अधिकाऱ्यांची यादी आणि निर्णयप्रक्रियेतली देखरेखीची साखळी प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. पण बदल्यांचा आदेश निघाला की छापील तक्ता शिळा होतो आणि आपला अर्ज कोणाच्या टेबलावर अडलाय हे तो कधीच सांगत नाही.

तिसरा पक्ष सगळ्यांत वजनदार. तो म्हणतो, इथे तक्त्याने नाही, ओळखीने काम होते, फोन लावा. अनुभव खोटा नाही. मात्र ओळख माणसाशी असते आणि माणूस बदलून जातो. शिवाय ज्याचा बैल वाघाने मारला त्या शेतकऱ्याची ओळख कोणाशी असणार? त्याच्या वतीने धावणाऱ्या संस्थेलाच साखळी नेमकी माहीत हवी.

मग करायचे काय? तक्ता पदांवर बांधायचा, माणसांवर नाही. ‘वनपरिक्षेत्र अधिकारी, अमुक परिक्षेत्र’ ही कायमची नोंद. त्यावर आज कोण आहे, कधीपासून, हे तिच्या पोटात. पद रिक्त असेल तर ‘रिक्त’ असेच दिसू द्यावे, म्हणजे साहेब गेले तरी खालच्या रेघा तुटत नाहीत. एका अधिकाऱ्याकडे दोन परिक्षेत्रांचा कार्यभार असेल, तर तो दोनदा दिसणे बरोबरच आहे. त्याला दुबार नोंद समजून एकत्र करणारा उत्साही ऑपरेटर चांगला तक्ता बिघडवतो.

पुढचा मुद्दा ‘कोणत्या कामासाठी’ हा. चंद्रपुरात जंगलाचा एक तुकडा प्रादेशिक विभागाचा, दुसरा ताडोबा-अंधारीच्या बफरमधला, तिसरा 1974 साली स्थापन झालेल्या वन विकास महामंडळाचा असू शकतो. तिघांच्या साखळ्या वेगळ्या. म्हणून आधी जागा कोणाची ते नोंदवावे, वरिष्ठ मग. सॉफ्टवेअर एकच वरिष्ठ मानत असेल, तर तिथे प्रशासकीय वरिष्ठ ठेवून बाकीचे संबंध वेगळ्या नोंदीत ठेवावेत.

खरी कसोटी ग्रामसभेची. काही सॉफ्टवेअरमध्ये ‘वरिष्ठ’ रकाना भरल्याशिवाय नोंद जतन होत नाही म्हणून कोणी तिला ग्रामसेवकाखाली टाकतो, कोणी आरएफओखाली. दोन्ही चूक. वनहक्क कायदा, 2006 ने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबू वाहतुकीच्या परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तिच्याकडून बांबू घेणाऱ्याने तिला वनखात्याच्या शेपटाला जोडले, तर तो परवानगी मागायला चुकीच्या दारात उभा राहील. इथे ‘वरिष्ठ’ हा रकाना रिकामा हवा. ती सक्ती आधी काढून टाकावी.

तेव्हा विक्रेता तक्ता दाखवायला आला की रंगरूप बघत बसू नये. रिक्त पद, दुहेरी कार्यभार आणि वरिष्ठ नसलेली ग्रामसभा, या तीन नोंदी त्याच्याकडून आपल्यासमोर भरून घ्याव्यात. त्या जिथे बसत नाहीत, ते सॉफ्टवेअर या दोन जिल्ह्यांच्या कामाचे नाही.