गोल न केलेल्या माणसासाठी शोक

फुटबॉलचा एखादा नामांकित खेळाडू निवर्तला म्हणजे त्याच्या क्लबच्या मैदानाबाहेर फुलांचे ढीग साचतात, हजारो माणसे हळहळतात. यात नवल काही नाही. ज्याने गोल केले, चषक मिळवून दिले, त्याच्याविषयी कृतज्ञता वाटणे स्वाभाविकच होय. परंतु ज्याने क्लबसाठी एकही सामना खेळला नाही, ज्याने आयुष्यभर शाळेत अभिजात भाषा आणि स्पॅनिश शिकविली आणि उरलेल्या वेळात जुन्या वर्तमानपत्रांच्या आधारे क्लबचा इतिहास लिहिला, अशा एका निवृत्त शिक्षकाच्या मृत्यूने क्लबच्या चाहत्यांना घरचे वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटावे, ही घटना विचार करावयास लावणारी आहे. २०२३ साली स्कॉटलंडमध्ये ती घडली. ग्लासगो शहरातील सेल्टिक या क्लबचे इतिहासकार डेव्हिड पॉटर यांचे त्या वर्षी निधन झाले, आणि ज्यांनी त्यांना कधी पाहिलेही नव्हते अशा असंख्य वाचकांना त्यांचे जाणे जिव्हारी लागले.

पॉटर हे फाइफ परगण्यातील कर्कॉडी या गावी राहत. क्रिकेटच्या गुणलेखनाचा त्यांना नाद होता, नाटकाची आवड होती आणि गावातील जुन्या अनाथ-दरिद्रालयाच्या इतिहासाचा त्यांचा अभ्यास होता. सेल्टिकवर त्यांनी डझनावारी पुस्तके लिहिली. १८९७ ते १९४० अशी त्रेचाळीस वर्षे क्लबची धुरा वाहणारे विली मेली, १९०४ च्या स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यात दोन गोलांची पिछाडी एकट्याच्या तीन गोलांनी भरून काढणारा जिमी क्विन, चेंडूची जादू करणारा पॅट्सी गॅलाकर अशांची चरित्रे त्यांनी सिद्ध केली. या माणसांना खेळताना पाहिलेली पिढी केव्हाच काळाच्या पडद्याआड गेली आहे. तरीही आजचा विशीतला चाहता क्विनचे नाव घरच्या माणसाचे घ्यावे तसे घेतो, याचे श्रेय अशा लेखकांना द्यावे लागेल.

सेल्टिकच्या बाबतीत हा इतिहास मोलाचा ठरण्यास एक विशेष कारण आहे. हा क्लब कोणा धनिकाच्या हौसेतून जन्माला आला नाही. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात आयर्लंडमधून देशोधडीला लागलेली हजारो कुटुंबे ग्लासगोच्या पूर्व भागातील कोंदट चाळवजा वस्त्यांत येऊन राहिली होती. त्यांच्या मुलांना शाळेत धड एक वेळचे जेवण मिळण्याची भ्रांत होती. त्या भागातील एका शाळेचे मुख्याध्यापक ब्रदर वॉलफ्रिड यांनी ६ नोव्हेंबर १८८७ रोजी काही मंडळींना एकत्र करून फुटबॉलचा क्लब काढला, तो सामन्यांच्या उत्पन्नातून या मुलांना जेवू घालण्यासाठी. २८ मे १८८८ रोजी पहिला सामना झाला आणि सेल्टिकने रेंजर्सचा पाच विरुद्ध दोन गोलांनी पराभव केला. पुढे १८९२ मध्ये वॉलफ्रिड यांची लंडनला बदली झाली, आणि १८९७ मध्ये क्लबची मर्यादित कंपनी झाली. मुलांच्या भोजनाचा मूळ हेतू मागे पडत गेला. संस्था मोठ्या झाल्या म्हणजे त्यांना आपल्या जन्माचे कारण अडचणीचे वाटू लागते, हा अनुभव केवळ स्कॉटलंडचा नाही.

तो हेतू पुसला गेला नाही, कारण तो कोणीतरी लिहून ठेवीत राहिले. १९३९ मध्ये स्वतः मेली यांनी क्लबची कथा लिहिली. १९६० मध्ये जेम्स हँडली यांनी नवा इतिहास लिहिला. हँडली हे वॉलफ्रिड यांच्याच मॅरिस्ट संघाचे धर्मबंधू आणि स्कॉटलंडमधील आयरिश समाजाचे व्यासंगी अभ्यासक. त्यानंतरच्या पिढीत पॉटर आले. क्लब स्थापन केला एका मुख्याध्यापकाने, आणि त्याचा इतिहास पुढे नेण्यात शिक्षकी पेशातल्या पॉटर यांचा वाटा मोठा ठरला, याचा शिक्षकवर्गाला रास्त अभिमान वाटण्यास हरकत नाही. गरिबांच्या आश्रयस्थानाचा इतिहास अभ्यासणाऱ्या माणसाला उपाशी मुलांसाठी निघालेल्या क्लबचा इतिहास जवळचा वाटावा, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

अशा लेखनाला ‘चाहत्याची हौस’ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण त्यामागील कष्ट कोणते असतात ते पाहावे. १९२५ च्या चषकाच्या अंतिम सामन्यात गॅलाकरने डंडी संघाविरुद्ध चेंडू दोन्ही पायांत धरून कोलांटी घेत जाळ्यात प्रवेश केला, अशी आख्यायिका आहे. त्या गोलाचे चित्रण उपलब्ध नाही. आहेत त्या प्रेक्षकांच्या आठवणी आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतील हकिगती. आठवणीला वयाबरोबर पंख फुटतात. वार्ताहराची जागा कधी दूरची असते, कधी त्याची लेखणी उतावीळ असते. यांतून काय घडले आणि काय घडले असावे असे लोकांना वाटले, हे वेगळे करणे म्हणजेच इतिहासकाराचे काम. आपल्याकडे बखर आणि अस्सल कागद यांतील हा भेद इतिहासाचार्य राजवाडे यांनी आपल्याला घसा फोडून सांगितला. वाडे-वस्त्या पायाखाली घालून, माळ्यावर पडलेली दप्तरे धुंडाळून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ उभी केली. राज्याच्या इतिहासाला जो न्याय, तोच खेळाच्या इतिहासालाही लागू आहे. विषय लहान असेल, पण पद्धत लहान असून चालत नाही.

यावर कोणी विचारील, की ज्याचे क्लबवर इतके प्रेम, त्याच्या हातून निःपक्षपाती इतिहास कसा लिहिला जावा? शंका अगदीच अनाठायी नाही. भाट आणि इतिहासकार यांच्यातील अंतर कित्येकदा एका मोहाएवढेच असते. परंतु सेल्टिकचा इतिहास प्रामाणिकपणे सांगावयाचा तर त्यात १९०९ ची दंगल येतेच. त्या वर्षी सेल्टिक-रेंजर्स अंतिम सामना फेरलढतीतही बरोबरीत सुटल्यावर हॅम्पडनच्या मैदानावर प्रेक्षकांनी धुडगूस घातला आणि चषक कोणालाच दिला गेला नाही. त्यात १९३१ सालची ५ सप्टेंबरची दुपारही येते. सेल्टिकचा अवघ्या बावीस वर्षांचा गोलरक्षक जॉन टॉमसन रेंजर्सच्या सॅम इंग्लिश या खेळाडूच्या पायांवर झेपावला, त्याच्या डोक्याला जबर मार बसला आणि त्याच रात्री तो मरण पावला. टॉमसनचा जन्म कर्कॉडीचा, म्हणजे पॉटर यांच्याच गावचा. त्याच्या अंत्ययात्रेसाठी ग्लासगोहून कार्डेंडेनपर्यंत बेकार कामगार पन्नासएक मैल पायी चालत गेले, कारण गाडीभाड्याला पैसे नव्हते.

ही कथा चाहत्यांना प्राणप्रिय आहे. पण तिचा दुसरा अर्धा भाग तितकाच खरा आहे. तो निव्वळ अपघात होता आणि इंग्लिशला चौकशीत निर्दोष ठरविण्यात आले. तरीही मैदानोमैदानी त्याची हुर्यो उडविण्यात आली आणि त्याची कारकीर्द त्या दुपारीच जणू संपली. आपल्या वीराचे अश्रू लिहिताना प्रतिपक्षाच्या निरपराध माणसावर झालेला अन्यायही लिहावा लागतो. जो हा दुसरा भाग गाळतो तो आपल्याच वाचकांना फसवितो. प्रेमामुळे इतिहासकार आंधळा होतो हे अर्धसत्य आहे. प्रेम नसेल तर शंभर वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे चाळण्याची चिकाटी येणार कोठून? प्रश्न प्रेमाचा नसून शिस्तीचा आहे.

या इतिहासाच्या एका पानाशी आपलाही संबंध आहे. कलकत्त्याच्या महामेडन स्पोर्टिंग क्लबने १९३४ पासून सलग पाच वर्षे तेथील लीग जिंकली. त्या संघातील महंमद सलीम हा खेळाडू १९३६ मध्ये ग्लासगोला गेला आणि सेल्टिकच्या रंगांत दोन सामने खेळला, तेही अनवाणी, पायांना पट्ट्या बांधून. सेल्टिकचे जुने खेळाडू जिमी मॅकमेनेमी त्याच्या पायांना पट्ट्या बांधीत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. साहेबाच्या राज्यात साहेबाच्या देशातला एक नामांकित खेळाडू हिंदी तरुणापुढे वाकून बसला आहे, हे दृश्य त्या काळाचा विचार करता साधे नव्हे. युरोपीय क्लबकडून खेळणारा भारतीय उपखंडातील पहिला खेळाडू म्हणून आज सलीमचे नाव घेतले जाते. घरच्या ओढीने तो लवकरच परतला. सामने दोनच, पण कोणी नोंद ठेवली म्हणून ते राहिले. नोंद नसती तर ते घडलेच नव्हते असे मानण्यास आपण मोकळे होतो.

इतिहासाने खेळात काय फरक पडतो, असे विचारणाऱ्यांनी १९९४ साल आठवावे. काही मोजक्या घराण्यांच्या हाती असलेला सेल्टिक त्या वर्षी मार्चमध्ये कर्जापायी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभा होता. चाहते चालकांविरुद्ध उभे ठाकले. फर्गस मॅककॅन या उद्योजकाने क्लब ताब्यात घेतला आणि पुढे भाग विक्रीस काढले तेव्हा हजारो सामान्य माणसांनी पदरमोड करून ते घेतले. हा क्लब आपल्या आज्या-पणज्यांच्या पोटासाठी निघाला होता, त्याच क्लबने २५ मे १९६७ रोजी लिस्बन येथे, मैदानापासून तीस मैलांच्या परिघात जन्मलेल्या अकरा पोरांच्या बळावर इंटर मिलानला हरवून युरोपियन चषक जिंकला होता, ही जाणीव त्यांच्या ठायी नसती तर त्यांनी इतकी झीज सोसली असती, असे मला वाटत नाही. वॉलफ्रिड यांचा पुतळा २००५ मध्ये मैदानाबाहेर उभा राहिला. विस्मृतीत गेलेल्या जुन्या खेळाडूंच्या थडग्यांवर नावे कोरण्याचे काम चाहत्यांचीच एक संस्था करीत असते. आधी कोणीतरी लिहिले, मग लोकांनी दगडावर कोरले, असा हा क्रम आहे.

आज जगभर क्लबांची खरेदी-विक्री होते. मालक येतात नि जातात, खेळाडू हंगामागणिक सदरे बदलतात, आणि क्लबचा इतिहास जाहिरात खात्याच्या हाती पडून सोयीस्कर तेवढाच उरतो. अशा वेळी क्लब कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने एक असेल, पण लोकमानसात ते वेगळे आहे. क्लब त्याचा, जो त्याचे सगळे आठवतो, विजय आणि लाजिरवाणे प्रसंगही. पॉटर यांनी हा आठवणीचा हक्क सामान्य चाहत्यांच्या हाती दिला. चाहत्यांचा शोक होता तो या ऋणाच्या जाणिवेतून.

आपल्याकडची स्थिती काय आहे? १८९१ मध्ये मुंबईत सुरू झालेली रोव्हर्स करंडक स्पर्धा शंभराहून अधिक वर्षे गाजून या शतकाच्या प्रारंभी बंद पडली. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ चारच वर्षांनी, २०१० मध्ये, मालकांच्या निर्णयाने विसर्जित झाला. कूपरेजच्या लाकडी बाकांवर बसून ज्यांनी हे सामने पाहिले त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबरच चालल्या आहेत. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल आपलासा करावा, ही जगावेगळी सामाजिक घटना आहे. तिचा साधार, सविस्तर इतिहास लिहिण्यासाठी एक आयुष्य वाहून घ्यावे, इतका तो विषय मोठा आहे. देशपातळीवर असे आयुष्य वाहणारे नोव्ही कपाडिया हेही दिल्लीत इंग्रजीचे प्राध्यापकच होते. भारतीय फुटबॉलचा इतिहास त्यांनी २०१७ मध्ये ग्रंथरूपाने दिला. २०२१ मध्ये ते गेले.

देशापुढे याहून गहन प्रश्न आहेत, हे मान्यच आहे. पण ज्यांच्या नावे सनदा नाहीत, ज्यांचे पत्रव्यवहार कोणी जपले नाहीत, त्या गिरणी कामगारांचा, कारकुनांचा, पेठांतल्या पोरांचा इतिहास कोणत्या दप्तरात सापडणार? तो मंडळाच्या इतिवृत्तात, वर्गणीच्या पावतीपुस्तकात, सामन्याच्या पिवळ्या पडलेल्या पत्रकात असतो. तो वाचविण्यास सरकारी अनुदान लागत नाही. एखादा शिक्षक, एखादा कारकून, सुटीतला एखादा विद्यार्थी, एक वही आणि जुन्या खेळाडूंच्या घरी जाण्याची तयारी एवढे भांडवल पुरते. आणि हे काम तातडीचे आहे, कारण त्या पिढीतील माणसे आपल्या सवडीची वाट पाहत थांबणार नाहीत.